वापरलेली सुई कोठे टाकावी?



मी रोज इन्सुलिन घेतो. सुरुवातीला वापरलेली सुई कागदात गुंडाळून मी स्वयंपाकघरातील कचऱ्याच्या पिशवीत टाकत असे. एका सकाळी कचरा नेणाऱ्या माणसाने पिशवीतून बाहेर आलेले सुईचे टोक मला दाखवले. त्याला टोचली नव्हती, पण मी शरमलो. माझ्या रक्तात एचआयव्ही नाही, हे त्याला कसे कळावे? टोचली असती तर तपासण्या होईपर्यंत त्याची व त्याच्या घरच्यांची झोप उडाली असती.

एचआयव्ही रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने, सिनेगॉगमध्ये शेजारी बसल्याने किंवा डास चावल्याने तो होत नाही.

सुईचे महत्त्व या देशाला एडिंबरोने शिकवले. तेथे नशा करणाऱ्या तरुणांना नवी सुई मिळणे कठीण होते, म्हणून एकच सुई अनेकजण वापरत. डॉ. रॉय रॉबर्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी म्यूरहाउस भागातील अशा रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे निम्म्यांत हा विषाणू आढळल्याचे 1986 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे जुनी सुई घेऊन नवी देण्याची केंद्रे निघाली. आज ब्रिटनमध्ये नव्याने एचआयव्ही आढळणाऱ्यांत सुईमुळे झालेले फार थोडे असतात.

2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पार्टनर' अभ्यासानेही मोठा दिलासा दिला. औषधांमुळे रक्तातील विषाणू तपासणीत दिसेनासा झाला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. म्हणून रोग्याला दूर लोटू नये, त्याला औषध चालू ठेवण्यास धीर द्यावा.

रुग्णालयातील अनुभवावरून, बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्ही होण्याचा संभव सुमारे 300 मध्ये 1 असतो. शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही. पण काविळीचा हिपॅटायटिस बी विषाणू 7 दिवसही टिकतो. म्हणून निष्काळजीपणा नको.

घरी एवढे करावे:

1. सुयांसाठीचा पिवळा डबा जीपी किंवा फार्मसीकडे मागावा.
2. इंजेक्शन होताच सुई थेट डब्यात टाकावी. दुसऱ्याने वापरलेल्या सुईला टोपण लावू नये.
3. रेषेपर्यंत भरला की झाकण कायमचे बंद करावे. वर दाबून भरू नये.
4. डबा घरच्या कचऱ्यात किंवा रिसायकलिंगमध्ये टाकू नये. तो कोण नेतो, हे कौन्सिल किंवा जीपीकडे विचारावे.
5. नातवंडांचा हात पोहोचणार नाही, असा ठेवावा.

दुसऱ्याची सुई टोचलीच, तर जखम वाहत्या पाण्याखाली धरून रक्त येऊ द्यावे आणि साबणाने धुवावी. चोळू नये, चोखू नये. पट्टी लावून लगेच ए अँड ई गाठावे किंवा 111 ला फोन करावा. गरज असल्यास एचआयव्ही रोखणारे औषध 28 दिवस देतात. ते 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते. जितके लवकर तितके बरे.

तालमूदमध्ये बावा कामा या भागात जुन्या धार्मिक लोकांची गोष्ट आहे. ते काटे व फुटकी काच आपल्याच शेतात खोल पुरत, म्हणजे नांगरानेही वर येऊन कोणाला इजा होऊ नये. माझ्या कपाटातला पिवळा डबा पाहिला की मला त्यांची आठवण होते.