गुरुवारची संध्याकाळ

मुलांसाठीं आम्ही रात्रंदिवस खपतों, असें म्हणणारे आईबाप गांवोगांव भेटतात, आणि तें खोटें नसतें. परंतु गेल्या आठवड्यांत एकेका लेंकरापाशीं, दुसरें कोणी जवळ नसतां, किती वेळ बसलां, असें विचारिलें तर उत्तर लवकर येत नाहीं. म्हणून सुसान्ना वेस्ली या बाईंची हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

या बाई इंग्लंडांतील एपवर्थ गांवच्या पाळकाच्या पत्नी. त्यांना एकोणीस मुलें झालीं. त्यांपैकीं दहाच मोठीं झालीं. संसार कर्जाचा; १७०५ सालीं कर्जापायीं पतीला तुरुंगांत जावें लागलें. पुढें १७०९ च्या फेब्रुवारींत घर जळालें, व नवें घर होईपर्यंत मुलांना निरनिराळ्या कुटुंबांत ठेवणें भाग पडलें. तीं परत आलीं तेव्हां नोकरचाकरांत ऐकलेलीं गाणीं व वाईट संवयी घेऊन आलीं. घडी एकदां विसकटली म्हणजे ती बसविण्यास किती श्रम पडतात, हें बाईंनीं पुढें लिहून ठेविलें आहे.

यानंतरच्या गोष्टीचा संबंध आपल्या देशाशीं आहे. १७०६ सालीं डेन्मार्कच्या राजानें पाठविलेले मिशनरी तामिळ प्रांतांतील त्रंकोबार येथें उतरले होते. त्यांचा वृत्तांत एमिली या मुलीला बापाच्या खोलींत सापडला, व तिनें तो आईला वाचून दाखविला. बाईंच्या मनास मोठा चटका लागला. आपल्याला दूर देशीं जातां येत नाहीं, तर निदान स्वतःच्या मुलांपासून आरंभ करावा, असें त्यांनीं ठरविलें. घरची शाळा रोज सहा तास चालतच होती. पण ती सर्वांची मिळून. आतां रोज रात्रीं एका मुलाशीं एकांतांत बोलावयाचें. सोमवार मॉलीचा, मंगळवार हेट्टीचा, बुधवार नॅन्सीचा, गुरुवार जॅकीचा, शुक्रवार पॅटीचा, शनिवार चार्ल्सचा. मुलें आठ आणि रात्री सात, म्हणून रविवारीं एमिली व सुकी अशा दोघी. हें त्यांनीं १७१२ सालीं पतीला पत्रानें कळविलें.

बाई फार कडक होत्या. वर्षाच्या मुलालाही छडीचें भय घालून हळू रडावयास शिकवावें, असें त्यांचें मत होतें. तें आम्हांस मान्य नाहीं, व वाचकांनींही तें उचलूं नये. जॅकी म्हणजेच पुढें प्रसिद्धीस आलेला जॉन वेस्ली. १७३२ सालीं, अठ्ठावीस वर्षांचा व ऑक्सफर्ड येथें विद्वान म्हणून गणला जात असतां, त्यानें आईला पत्र लिहून मागणें केलें तें छडीचें नव्हे, तर त्या जुन्या गुरुवारच्या संध्याकाळचा थोडा वेळ आतांही मजसाठीं राखावा, एवढेंच.

तथापि आईनें वेळ दिला म्हणजे सर्व साधलें, असेंही नाहीं. मंगळवारची हेट्टी मोठी बुद्धिमान. पण १७२५ सालीं ती एका वकिलाबरोबर पळून गेली, व त्यानें तिला फसविलें. बाप तिला क्षमा करीना. न शोभणाऱ्या माणसाशीं तिचें घाईनें लग्न लावण्यांत आलें, व ती जन्मभर दुःखी राहिली. त्या वेळीं बापाचा रोष पत्करून तिच्यासाठीं दयेचा उपदेश करणारा तिचा भाऊ जॉनच होता. आमच्या मतें त्या घरांत एक वार बापाचाही असावयास हवा होता. आपल्याकडेही हें काम आईचेंच समजून बाप चावडीवर बसतात.

आतां ऊसतोडीस जाणाऱ्या आमच्या वाचकांविषयीं. हंगामांत कित्येक महिने त्यांचीं मुलें गांवीं आजीपाशीं राहतात. फोन घोळक्यांत फिरला तर "जेवलास का, शाळेंत गेलास का" एवढ्यावरच बोलणें संपतें. तेव्हां प्रत्येक मुलाचा वार नेमावा, आणि कोणत्या वारीं फोन कोणाच्या हातीं देऊन बाकीच्यांना बाहेर काढावयाचें, हें निघण्यापूर्वींच आजीला सांगून ठेवावें.