बोली, लिलाव आणि दिलेला शब्द



आपल्या गोव्यात जत्रेच्या दिवसांत देवळाच्या प्रांगणात होणारी पावणी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. देवापुढे आलेला केळ्यांचा घड किंवा एखादा भोपळा हाती घेऊन एकजण किंमत पुकारतो, जमलेल्या मंडळींतून सवाल चढत जातात आणि ‘एक वार, दोन वार, तीन वार’ झाले की शेवटचा सवाल करणाऱ्याच्या पदरात ती वस्तू पडते. तीन वार झाल्यानंतर ‘आता देत नाही’ असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच, तर सारा गाव त्याला हसेल. मराठीतील ‘लिलाव’ हा शब्दसुद्धा ‘लेइलांव’ ह्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला आहे. तेव्हा ह्या विषयाशी आपले नाते जुने आहे.

परंतु सांप्रत लिलावाचे प्रांगण बदलले आहे. १९९५ साली अमेरिकेत ‘ई-बे’ ह्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले संकेतस्थळ सुरू झाले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर-दर्शक. तो १४.८३ डॉलरना गेला. त्यानंतर जगभर अशी स्थळे निघाली. येथे विकणारा व घेणारा एकमेकांना पाहत नाहीत, पुकारणारा नसतो आणि गावही नसतो. मग विकणाऱ्याने शब्द फिरविला तर काय करावयाचे?

हा प्रश्न मला आपल्याच शाळेतील नववीच्या एका विद्यार्थ्याने विचारला. त्याला टपाल-तिकिटांचा नाद आहे. ‘पोर्तुगीज इंडिया’च्या जुन्या तिकिटांचा एक संच त्याने इंटरनेटवरील लिलावात पाहिला आणि वडिलांच्या खात्यावरून बोली लावली. सात दिवसांनी, रात्री नऊ वाजता, लिलाव संपला. १,८५० रुपयांची त्याची बोली सर्वांत वरची ठरली. त्याच रात्री पैसे भरले गेले. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा निरोप आला : “तिकिटे गहाळ झाली आहेत, क्षमस्व.” पुढच्या आठवड्यात तोच संच त्याच स्थळावर पुन्हा दिसला. पहिल्या तिकिटाचा दुमडलेला कोपरा मुलाने अचूक ओळखला. ह्या वेळी किंमत होती ३,५०० रुपये. मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, लिलाव संपल्यावरही ‘नाही’ म्हणता येते का?”

त्याला दिलेले उत्तर सर्वांच्याच उपयोगी पडेल, म्हणून ते येथे क्रमाने मांडतो.

१. करार केव्हा होतो?

भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा आहे. त्याचे मूळ तत्त्व साधे आहे. एकाने प्रस्ताव करावा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारावा आणि दोन्ही बाजूंनी काही मोबदला असावा, म्हणजे करार होतो. लिलावात प्रस्ताव कोणाचा? पुष्कळांना वाटते की विक्रेत्याचा. वस्तुतः तसे नाही. विक्रेता केवळ बोलावणे करतो. प्रत्येक बोली हा घेणाऱ्याचा प्रस्ताव होय आणि हातोडा पडणे ही त्या प्रस्तावाची स्वीकृती होय. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या ६४ व्या कलमात हेच सांगितले आहे : हातोडा पडून अथवा अन्य रूढ रीतीने विक्री पुरी झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. त्यानंतर मात्र नाही. इंग्लंडमध्ये हा नियम १७८९ सालच्या एका निवाड्यापासून चालत आला आहे.

ह्यातून आणखी एक गोष्ट निघते. लिलावाची नुसती जाहिरात म्हणजे वचन नव्हे. १८७३ साली इंग्लंडमध्ये एक दलाल जाहिरात वाचून लंडनहून दूरच्या गावी लिलावास गेला. त्याला हवे असलेले सामान आयत्या वेळी लिलावातून काढून घेण्यात आले. त्याने प्रवासखर्च व वाया गेलेला वेळ ह्यांची भरपाई मागितली, परंतु न्यायालयाने ती नाकारली. बोलीच झाली नव्हती, मग करार कोठला?

तथापि ‘राखीव किंमत नाही’ असे जाहीर करून लिलाव पुकारल्यास गोष्ट वेगळी होते. इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे २००० साली असे एक प्रकरण आले. प्रत्येकी सुमारे १४,००० पौंड किमतीची दोन यंत्रे लिलावात होती. एकाच माणसाने प्रत्येकी २०० पौंडांची बोली लावली. किंमत फारच थोडी आहे असे पाहून पुकारणाऱ्याने यंत्रे मागे घेतली. न्यायालयाने बोली लावणाऱ्याला २७,६०० पौंड भरपाई देवविली. हा आकडा कसा आला, ते गणिताच्या वहीत करून पाहा.

२. हातोडा नसलेला लिलाव

इंटरनेटवर हातोडा नाही, तेथे घड्याळ आहे. मुदत संपली की सर्वांत वरची बोली आपोआप विजयी ठरते. मग ‘मी स्वीकारलेच नाही’ असे विक्रेत्याला म्हणता येईल का?

ऑस्ट्रेलियात २००७ साली हाच वाद झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ‘विरावे’ जातीचे एक विमान मालकाने ई-बेवर लिलावास ठेवले. १,५०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरांची बोली आली आणि मुदत संपली. तेवढ्यात मालकाला त्याहून मोठी रक्कम देणारा दुसरा गिऱ्हाईक मिळाला होता. त्याने विमान देण्याचे नाकारले. न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयाने निर्णय दिला की दोघांनीही स्थळाचे नियम मान्य करून व्यवहारात भाग घेतला असल्यामुळे करार झालेला आहे. मालकाने ते विमानच बोली लावणाऱ्याच्या स्वाधीन करावे.

जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१४ साली दिलेला निर्णय याहूनही बोलका आहे. एकाने आपली जुनी मोटार १ युरो ह्या किमान किमतीपासून लिलावास ठेवली आणि बाहेर गिऱ्हाईक मिळताच लिलाव मध्येच बंद केला. त्या क्षणी बोली होती केवळ १ युरोची. मोटारीची किंमत होती ५,२५० युरो. ‘एवढ्या स्वस्तात मोटार मागणे अनीतीचे आहे,’ असा मालकाचा युक्तिवाद होता. न्यायालय म्हणाले की स्वस्तात मिळण्याची संधी हेच अशा लिलावाचे आकर्षण आहे आणि १ युरोपासून आरंभ करण्याचा धोका मालकाने आपण होऊन पत्करला होता. बोली लावणाऱ्याला ५,२४९ युरो मिळाले.

परदेशी न्यायालयांचे निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसतात, परंतु त्यांतील विचार आपल्याला मार्गदर्शक ठरतो. शिवाय आपल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या १०-अ कलमानुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक साधनांनी झाला म्हणून कोणताही करार निरर्थक ठरत नाही.

३. शब्द मोडल्यास काय मिळते?

करार अधिनियमाच्या ७३ व्या कलमाखाली एक सुंदर उदाहरण दिले आहे. ‘अ’ने ‘ब’ला ५० मण सोरा ठरावीक दराने विकण्याचे कबूल केले आणि शब्द मोडला. तर तसाच सोरा त्या वेळी दुसरीकडून घेण्यास ‘ब’ला जी जास्त रक्कम लागली असती, तेवढी भरपाई त्याला मिळावी. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तसा संच मिळण्यास ३,५०० रुपये पडत असतील, तर भरपाई ३,५०० वजा १,८५०, म्हणजे १,६५० रुपये आणि शिवाय भरलेले पैसे परत. वस्तू नेमकी ठरलेली व दुर्मीळ असेल, तर ती वस्तूच द्यावी असा हुकूमही न्यायालय देऊ शकते.

विक्रेत्याची प्रत्येक सबब खोटीच असते असे मात्र समजू नये. करार होण्यापूर्वीच वस्तू विक्रेत्याच्या नकळत नष्ट झाली असेल, तर तो करार निरर्थक ठरतो. म्हणून आधी विचारावे, मग आरोप करावा.

येथे तुम्हा मुलांनी एक नियम लक्षात ठेवलाच पाहिजे. अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार आपल्या कायद्यात मुळातच निरर्थक असतो. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली हे तत्त्व घालून दिले. आमच्या विद्यार्थ्याने वडिलांना सांगून, वडिलांच्या नावाने बोली लावली होती, म्हणूनच पुढची तक्रार करता आली.

४. प्रत्यक्षात काय करावे?

(अ) पुरावा जपावा. लिलावाचे पान, अंतिम बोली, वेळ आणि विक्रेत्याचे निरोप ह्यांची चित्रे ताबडतोब घेऊन ठेवावी. पान केव्हा नाहीसे होईल ह्याचा नेम नसतो.

(आ) विक्रेत्याला एकच सभ्य पत्र लिहावे. घडलेली हकीकत, मागणी आणि उत्तराची मुदत, एवढेच त्यात असावे. रागाने लिहिलेले पत्र पुढे आपल्याच विरुद्ध वाचले जाते.

(इ) संकेतस्थळाच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे जावे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावयाची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करावयाचे असते. तेथे दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे.

(ई) विक्रेता पैसे घेऊन नाहीसाच झाला, तर तो केवळ करारभंग राहत नाही, ती फसवणूक होते. अशा वेळी विलंब न लावता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. मालविक्री अधिनियमाचे सालही १९३० च, म्हणून तो विसरणे कठीण आहे.

(उ) ‘स्थळाबाहेर परस्पर व्यवहार करू, स्वस्तात देतो,’ असे कोणी म्हणाल्यास नकार द्यावा. स्थळाबाहेर गेलेल्या पैशाला स्थळाचे संरक्षण राहत नाही.

(ऊ) खर्चाचा हिशेब करावा. १,६५० रुपयांसाठी दिवाणी दाव्यात त्याहून अधिक खर्च होईल. हक्क असणे आणि तो शेवटपर्यंत लढविणे शहाणपणाचे असणे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

५. पुढे काय झाले?

वडिलांनी पत्र लिहिले, तक्रार केली. पाचव्या दिवशी १,८५० रुपये परत आले आणि तो दुसरा लिलाव स्थळाने बंद केला. तिकिटे मात्र मिळाली नाहीत. मुलगा बरेच दिवस खिन्न होता.

डिसेंबरात शाळेच्या आनंदमेळाव्यात त्याने आपली जास्तीची तिकिटे विक्रीस मांडली. सहावीतील एका मुलाने दहा तिकिटे चाळीस रुपयांना ठरविली आणि तो घरच्यांकडून पैसे आणावयास धावला. तेवढ्यात एका पाहुण्यांनी ती पाहिली आणि त्याच दहा तिकिटांचे दोनशे रुपये देऊ केले. मी शेजारच्याच टेबलाशी उभा होतो. मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “ती विकली गेली आहेत.”

पैसे अद्याप हाती आले नव्हते. दोघेही अज्ञान, म्हणजे वयाने अठराच्या आत. तेव्हा वर सांगितलेल्यांपैकी एकाही कलमाने त्याला बांधले नव्हते. थोड्या वेळाने सहावीतला मुलगा धापा टाकीत आला, मुठीतल्या नोटा त्याने टेबलावर ठेवल्या आणि तिकिटे घेऊन गेला. दोनशे रुपयांची गोष्ट त्याला कोणी सांगितली नाही.

अभ्यासार्थ प्रश्न

१. लिलावातील प्रस्ताव कोणाचा व स्वीकृती कोणाची? पावणीचे उदाहरण घेऊन लिहा.
२. १८७३ व २००० सालच्या निवाड्यांतील फरक स्पष्ट करा.
३. १ युरोला मोटार मागणारा तुमच्या मते न्याय्य होता काय? दोन्ही बाजू मांडा.
४. तिकिटांच्या विक्रेत्याला तुम्ही कसे पत्र लिहाल? दहा ओळींत लिहून वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा.