पोटातला गोळा

परीक्षा आली की पोटात गोळा येतो. कचेरीत साहेबापुढं उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. असं आपण सगळेच म्हणतो. हा गोळा मोठ्या माणसाला येतो, तसा मुलांनाही येतो. मोठा माणूस बोलून दाखवतो. मूल मात्र एवढंच म्हणतं, "आई, पोटात दुखतंय."

या धड्यात अशाच एका मुलीची गोष्ट आहे. गोष्टीतली माणसं मनानं रचलेली आहेत. पण असं घर तुमच्या गावातही असेल.

१. पूजाचं दुखणं

पूजा नववीत होती. शाळा बाजारच्या गावाला. रोज एसटीनं जायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. सकाळी दुखायचं. कधी उलटी व्हायची. हातपाय गार पडायचे. एसटी निघून गेली की दुपारपर्यंत पोर बरी.

वडील म्हणाले, "सोंग करते ही."

आजी म्हणाली, "सोंग नव्हे रे. दृष्ट लागली माझ्या नातीला." आजीनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. चार दिवसांनी पुन्हा तेच.

पूजाची आई सविता मात्र गप्प होती. पोरीचा पांढरा पडलेला चेहरा ती पाहत होती. हे सोंग नाही, एवढं तिला कळत होतं.

२. गोड गोळ्या

शेजारणीनं सांगितलं, "बाजारच्या गावात होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत. त्यांच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या. लहान मुलांना चांगल्या."

सविता पूजाला घेऊन गेली. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं तासभर विचारपूस केली. झोप कशी लागते? अंधाराची भीती वाटते का? गोड आवडतं की खारट? एकटं राहावंसं वाटतं का? इतकं कोणी पूजाला कधीच विचारलं नव्हतं. मग डॉक्टरनं गोळ्यांची कुपी दिली आणि आठ दिवस विश्रांती घ्यायला सांगितली.

आठ दिवस पूजा घरी राहिली. पोट दुखलं नाही. सगळ्यांना वाटलं, गुण आला. नवव्या दिवशी ती शाळेला निघाली आणि एसटीच्या थांब्यावरच तिला उलटी झाली.

वडील वैतागले. "निम्मी नववी झाली, पुरे झालं. घरी राहू दे. एखादं चांगलं स्थळ बघू."

हे ऐकून सविताच्या काळजात चर्र झालं. पोरगी अजून पंधरा वर्षांची. अठराच्या आत लग्न करणं हा गुन्हा आहे, हे तिला ठाऊक होतं. आणखीही एक गोष्ट तिला ठाऊक होती. तिला स्वतःला चौथीतून काढलं होतं. धाकट्या भावाला सांभाळायला. आता पस्तिसाव्या वर्षी ती रात्रीच्या साक्षरता वर्गात अक्षरं गिरवत होती.

३. दुखण्याची वही

आशाताईनं तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पूजाला आधी नीट तपासलं. पोट दाबून पाहिलं. रक्त तपासलं, लघवी तपासली. पाळी वेळेवर येते का, वजन घटलं का, हे विचारलं. पोटदुखी म्हणजे भीतीच, असं आधीच धरून चालायचं नाही. जंत असतात, रक्त कमी असतं, दुसरा आजारही असतो.

तसं काही निघालं नाही. मग बाई म्हणाल्या, "सविताताई, एक काम करा. दोन आठवडे वही ठेवा. कोणत्या दिवशी दुखलं, किती वाजता दुखलं, ते लिहा."

सविता लाजली. "बाई, माझं अक्षर वेडंवाकडं आहे."

"मला वाचता आलं म्हणजे झालं."

सविता लिहू लागली. सोमवार, थोडं. मंगळवार, फार. बुधवार, थोडं. गुरुवार, नाही. शुक्रवार, फार. शनिवार, थोडं. रविवार, नाही. दुसऱ्या आठवड्यातही जवळपास तसंच. मंगळवार आणि शुक्रवार, फार.

सवितानं वही पूजापुढं धरली. रागावली नाही. फक्त विचारलं, "बाळा, मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेत काय असतं गं?"

पूजा बराच वेळ बोलली नाही. मग रडायला लागली. त्या दोन दिवशी इंग्रजीचं वाचन असायचं. एकेकाला उभं करून मोठ्यानं वाचायला लावत. दिवाळीनंतर एकदा पूजा वाचताना अडखळली. वर्ग हसला. पुढं दोन मुलं एसटीतही तिची नक्कल करू लागली.

सविता तिच्याजवळ बसली. म्हणाली, "आमच्या वर्गात माझी वाचायची पाळी आली की माझ्या पण पोटात गोळा येतो. मागल्या बुधवारी मी चष्मा विसरला म्हणून सांगितलं. मला चष्मा आहे का?"

पूजा रडता रडता हसली.

४. गोळ्यांमध्ये काय असतं?

पुढच्या खेपेला सवितानं डॉक्टरबाईंना सरळ विचारलं, "त्या गोळ्यांनी आठ दिवस बरं वाटलं होतं. त्या चालू ठेवू का?"

बाईंनी समजावून सांगितलं, ते असं.

होमिओपॅथी हा उपचार जर्मनीतल्या सॅम्युअल हानेमान नावाच्या डॉक्टरनं काढला. त्याचा जन्म १७५५ सालचा. १७९६ साली त्यानं आपला विचार छापला. काट्यानं काटा काढावा, असा तो विचार. ज्या वस्तूनं निरोग्याला त्रास होतो, तीच वस्तू अगदी थोडी दिली तर तसा त्रास असलेला रोगी बरा होतो, असं त्याचं म्हणणं. त्या काळी डॉक्टर रोग्याचं रक्त काढत, जालीम औषधं देत. त्यांच्यापेक्षा हानेमानचं औषध सौम्य होतं. म्हणून लोकांना ते आवडलं.

मुलांच्या भीतीवर होमिओपॅथीत बरीच औषधं सांगितली आहेत. परीक्षेच्या धास्तीवर जेल्सेमियम किंवा अर्जेंटम नायट्रिकम देतात. एकाएकी घाबरल्यावर अकोनाइट देतात. अकोनाइट म्हणजे बचनागाच्या जातीची विषारी वनस्पती.

मग विष देतात की काय? तसं नाही. अर्काचा एक थेंब घेतात. त्यात दारूच्या अर्काचे किंवा पाण्याचे नव्व्याण्णव थेंब घालून हलवतात. त्यातला एक थेंब घेऊन पुन्हा नव्व्याण्णव थेंबांत घालतात. दुसऱ्या खेपेला दहा हजारांत एक भाग उरतो. तिसऱ्या खेपेला दहा लाखांत एक. कुपीवर ३० आकडा असेल, तर असं तीस वेळा केलेलं असतं. बाराव्या खेपेनंतरच मूळ वस्तूचा एक कणही उरण्याची आशा जवळजवळ संपते. तो थेंब साखरेच्या गोळ्यांवर टाकतात. उरते ती साखर. हलवल्यानं औषधाची शक्ती वाढते, असं होमिओपॅथीवाले म्हणतात. पण विज्ञानाला त्याचा आधार सापडलेला नाही.

५. दोन वाफे

"मग गुण येतो की नाही, हे ठरवायचं कसं?" सवितानं विचारलं.

बाई म्हणाल्या, "तुम्ही नवं खत कसं पारखता?"

"दोन वाफे करतो. एकात खत घालतो, एकात नाही. पाणी दोन्हीला सारखं."

औषधाचंही तसंच करतात. रोग्यांचे दोन गट करतात. एकाला औषधाच्या गोळ्या, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या साध्या साखरेच्या गोळ्या. कोणाला काय मिळालं हे रोग्याला ठाऊक नसतं, देणाऱ्यालाही नसतं. शेवटी दोन्ही गट ताडून पाहतात. होमिओपॅथीचे असे पुष्कळ प्रयोग झाले. ऑस्ट्रेलियातल्या सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळानं ते तपासले आणि २०१५ साली निकाल सांगितला. होमिओपॅथीनं बरा होतो असा भरवशाचा पुरावा त्यांना एकाही आजाराबद्दल मिळाला नाही. मुलांच्या भीतीबद्दलही असा पुरावा नाही.

आपल्या देशात होमिओपॅथीला सरकारची मान्यता आहे. १९७३ साली तिचा कायदा झाला. २०२० साली नवा कायदा झाला. त्यामुळं डॉक्टर शिकलेला आणि नोंदलेला आहे, हे कळतं. पण गोळीनं गुण येतो की नाही, ते दोन वाफ्यांनीच ठरतं.

६. मग बरं का वाटलं?

याची कारणं तीन. पहिलं, त्या डॉक्टरनं तासभर ऐकून घेतलं. ज्याचं दुखणं कोणी ऐकतं, त्याला निम्मं हलकं वाटतं. दुसरं, आता आपण बरे होणार अशी आशा वाटली. तिसरं, पूजा आठ दिवस शाळेत गेलीच नाही. जिथं भीती होती, तिथं पाऊलच टाकलं नाही. मग पोट कशाला दुखेल?

हे तिसरं कारण नीट समजून घ्या. भुंकणाऱ्या कुत्र्यापुढं पळालं की ते मागं लागतं. भीतीचंही तसंच आहे. घरी बसलं की त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट होते.

आणि भीतीनं पोट खरंच दुखतं. मन घाबरलं की छाती धडधडते, श्वास वाढतो, घाम येतो, आतडी ढवळतात. अंगाला सूचना जाते, पळ किंवा लढ. वाघ समोर आला तर हे उपयोगी. पण समोर पुस्तक असलं तरी अंग तेच करतं. म्हणून अशा मुलाला सोंगाडं म्हणू नये.

७. पायरी पायरीनं

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या नाहीत. पायऱ्या सांगितल्या.

पहिली पायरी, घरात आईपुढं वाचायचं. दुसरी, आजी आणि शेजारणीपुढं. तिसरी, मधल्या सुट्टीत एकट्या बाईंपुढं. चौथी, वर्गात उभं राहून दोनच ओळी. पाचवी, पूर्ण पान. एक पायरी अंगवळणी पडली की मगच दुसरी. पोटात गोळा आला तरी पळायचं नाही. मनात चार म्हणेपर्यंत श्वास आत घ्यायचा, सहा म्हणेपर्यंत हळूहळू सोडायचा. गोळा आपोआप उतरतो.

शाळा मात्र बुडवायची नाही.

सविता शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटली. नक्कल करणाऱ्या मुलांना बाईंनी समज दिली. रात्री मोबाइल आजीच्या उशाशी राहू लागला, म्हणजे झोप पुरी व्हायची. आणि रात्री जेवणं झाली की मायलेकी एका दिव्याखाली बसायच्या. पूजा इंग्रजी वाचायची. सविता आपलं पुस्तक वाचायची. एकमेकींच्या चुका काढायच्या.

गुण एका दिवसात आला नाही. तिसऱ्या पायरीवर पूजा दोनदा परत फिरली. एका मंगळवारी पुन्हा उलटी झाली. तिच्या वडिलांनी ते पाहिलं. ते काही बोलले नाहीत. तिला पाणी दिलं आणि तिच्याबरोबर एसटीत बसून शाळेपर्यंत गेले. त्यांनी स्थळाची गोष्ट पुन्हा काढली नाही.

फाल्गुनात पूजानं वर्गात पूर्ण पान वाचलं. आवाज कापत होता. मागून एक मुलगा हसला. ती थांबली, श्वास घेतला आणि पुढं वाचू लागली.

त्याच आठवड्यात साक्षरता वर्गात सविताची पाळी आली. तिनं चष्म्याची सबब सांगितली नाही.

८. केव्हा उशीर करू नये

सगळ्या मुलांना एवढ्यानं बरं वाटतं असं नाही. काहींची भीती मोठी असते. अशा वेळी मनाच्या डॉक्टरला दाखवावं लागतं. बोलून करायचे उपचार असतात, गरज पडली तर औषधंही असतात. मनाच्या डॉक्टरकडं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. पुढील खुणा दिसल्या तर गोड गोळ्यांवर दिवस काढू नका.

मूल दोन आठवड्यांहून अधिक नीट जेवत नाही किंवा झोपत नाही. वजन घटतं. शाळा, खेळ, मैत्रिणी सगळं सोडतं. कोणाच्या जवळ जायला एकाएकी घाबरतं. फीट येते. स्वतःला इजा करतं.

"मला जगायचं नाही," असं मूल बोललं तर ते खरं माना. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टेली मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा नंबर १४४१६. रात्री-अपरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलाला कोणी छळत असेल, तर १०९८ या नंबरवर सांगा.

लक्षात ठेवा

भीतीनं खरंच पोट दुखतं. मुलाला सोंगाडं म्हणू नका.
आधी डॉक्टरकडून अंगाची तपासणी करून घ्या.
दुखण्याची वही ठेवा. अक्षर कसंही असो.
साखरेच्या गोळ्यांनी भीती जाते, याचा पुरावा नाही. त्यांच्या भरवशावर दुसरे उपचार थांबवू नका. चालू औषध आपल्या मनानं बंद करू नका.
होमिओपॅथीच्या मूळ अर्कात खरी वस्तू असते, कधी विषारीही असते. तो मुलांच्या हाती लागू देऊ नका.
ऐकून घ्या. मग पायरी पायरीनं पुढं न्या.

विचार करून सांगा

१. सविताला वहीतून काय कळलं?
२. आठ दिवस पूजाचं पोट का दुखलं नाही?
३. औषधाची पारख दोन वाफ्यांसारखी कशी करतात?
४. तुमच्या पोटात केव्हा गोळा येतो? ते पाच ओळींत लिहा आणि घरी मुलांना वाचून दाखवा.