महाग चाकूचे मोल

प्रश्न : खिशात बाळगण्याच्या चाकूसाठी अधिक दाम मोजणे सार्थ आहे काय?

उत्तर : पोलादाची जात, त्यास दिलेले पाणी आणि सांध्याची कारागिरी, एवढ्याच बाबींसाठी जादा रक्कम खर्ची घालणे रास्त होय, नक्षीदार मुठीने धार टिकत नाही. फ्रान्समधील साव्हुआ येथे १८९० पासून घडणारा ओपिनेल चाकू, लाकडी मुठीचा व अल्पमोली असूनही, फळे नि दोरी सहज कापतो, आणि १९५५ साली त्याच्या गळ्याशी आलेले फिरते कडे वळवून बसविले की उघडे पाते बोटांवर मिटत नाही. महागडे कठीण पोलाद धार दीर्घकाळ राखते खरे, परंतु बोथटल्यावर ती पुन्हा आणणे तितकेच कष्टाचे. सबब, नित्य वापर नसल्यास साधा चाकू घ्यावा आणि उरल्या पैशांत धारेचा उत्तम दगड.