ट्रेडमिलवरचे बारा आठवडे : आधी वेळ, मग चढ, शेवटी वेग

ट्रेडमिलवर चालून वजन उतरतं, पण सावकाश. किती सावकाश, ते आधीच माहीत असलं की तिसऱ्या आठवड्यात हिरमोड होत नाही. म्हणून कृतीआधी थोडा हिशेब.

७५ किलो वजनाचा माणूस सपाट पट्ट्यावर ताशी ५ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालला, तर नुसतं बसून राहण्यापेक्षा साधारण ९५ कॅलरी जास्त खर्च करतो. एका वडापावात याच्या तिपटीच्या आसपास कॅलरी असतात. किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. खाण्यापिण्यात काहीच न बदलता आठवड्यातून पाच दिवस असा अर्धा तास चालत राहिलं, तर एक किलो उतरायला चार महिने लागतील.

मशीनच्या पडद्यावर आकडा याहून मोठा दिसतो. बसल्याजागी जे खर्च झालंच असतं, तेही मशीन त्यात धरतं. काही मशीन तर तुमचं वजनही विचारत नाहीत. तो आकडा पाहून संध्याकाळी बक्षीस म्हणून काही खाऊ नका.

खालची कृती बैठं काम करणाऱ्या, व्यायामाची सवय सुटलेल्या, चाळिशी-पन्नाशीतल्या माणसासाठी आहे.

सुरुवातीआधी

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, घरात कमी वयात हृदयविकाराचा झटका आलेलं कोणी असेल, किंवा जिना चढताना छातीत दडपल्यासारखं होत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने चालताना साखर उतरू शकते. त्यामुळे चालण्याची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा आणि चालून झाल्यावर तळपाय रोज पाहा. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात. त्या घेणाऱ्यांनी घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नये.

दोन मापं वहीत लिहून ठेवा : वजन आणि कंबर. कंबर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, जमिनीला समांतर धरा. श्वास सहज सोडल्यावर माप घ्या, पोट आत ओढू नका. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

आपल्याकडे कंबर मोजणं विशेष महत्त्वाचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा आपल्याला निम्मीच गोष्ट सांगतो.

साहित्य

१. ट्रेडमिल. घरची असो वा सोसायटीच्या क्लबहाऊसमधली, तिची वजनमर्यादा तुमच्या वजनापेक्षा बरीच जास्त हवी. घ्यायचीच असेल तर चढ देता येणारी घ्या. धावायचं नसेल तर फार मोठ्या मोटरसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

२. अर्थिंग असलेला, भिंतीतला स्वतंत्र प्लग. एक्स्टेन्शन बोर्डवर ट्रेडमिल चालवू नका. मशीनच्या मागे दोन मीटर जागा मोकळी सोडा. पडणारा माणूस मागे फेकला जातो, तिथे भिंत किंवा कपाट नको.

३. टाचेला आधार देणारे, पुढे बोटांना अंगठाभर जागा सोडणारे बूट आणि सुती मोजे. अनवाणी किंवा चपला घालून चालू नका.

४. पाण्याची बाटली, घाम पुसायला नॅपकिन आणि पंखा. घरात वारा नसतो, त्यामुळे बाहेरच्यापेक्षा घाम लवकर येतो. गेलेला घाम म्हणजे गेलेली चरबी नव्हे. तासाभरात पाणी प्यालात की ते वजन परत येतं.

पट्ट्यावर चढण्या-उतरण्याची कृती

१. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या स्थिर कडांवर एकेक पाय ठेवून उभे राहा. थांबलेल्या पट्ट्यावर उभं राहून मशीन सुरू करू नका.

२. लाल दोरीची सेफ्टी क्लिप शर्टाला लावा. तोल गेला की दोरी ओढली जाऊन पट्टा थांबतो. ती नुसती हँडलला अडकवून ठेवण्यात अर्थ नाही.

३. वेग ताशी १.५ ते २ किलोमीटर ठेवून सुरू करा. हँडल धरून आधी एक पाय, मग दुसरा पट्ट्यावर टाका.

४. पाचेक पावलं जमली की हँडल सोडा.

५. उतरताना वेग पाच मिनिटांत हळूहळू १.५ वर आणा. पट्टा पूर्ण थांबल्यावर अर्धा मिनिट हँडल धरून उभे राहा, मग उतरा. एकदम थांबलं तर पायांतलं रक्त पायांतच रेंगाळतं आणि चक्कर येऊ शकते. उतरल्यावर जमीन सरकल्यासारखी वाटते, ते मात्र नेहमीचं आहे. मिनिटभरात जातं.

चालण्याची ढब

नजर समोर ठेवा, पायांकडे नाही. खांदे सैल, कोपर वाकवलेले, हात पुढे-मागे हलते. पाऊल लहान टाका. आधी टाच टेकवा आणि बोटांनी मागे ढकला. समोर टीव्ही चालेल. हातात मोबाइल नको, कारण मान खाली जाते आणि हात हलायचे थांबतात.

सगळ्यात महत्त्वाचं, हँडल धरून चालू नका. शरीराचा भार हातांवर गेला की पायांचं काम हलकं होतं. चढ लावून हँडलला मागे लोंबकळत चालणाऱ्याला त्या चढाचा फायदा जवळपास मिळतच नाही. हँडल सोडून चालवत नसेल, तर वेग किंवा चढ जास्त झाला असं समजा आणि कमी करा. ज्यांना तोल सांभाळण्याचा त्रास आहे, त्यांनी मात्र बोटं हलकेच टेकवून चालायला हरकत नाही.

बारा आठवड्यांचा क्रम

आठवड्यातून पाच दिवस. प्रत्येक वेळी पहिली पाच मिनिटं ताशी ३ किलोमीटरने अंग मोकळं करायला आणि शेवटची पाच वेग उतरवायला. खालच्या वेळांत ही दहा मिनिटं धरली आहेत.

आठवडा १ आणि २ : एकूण २० मिनिटं, चढ शून्य. या काळात स्वतःचा वेग शोधा. ताशी ४ पासून सुरू करून हळूहळू वाढवा. ज्या वेगाला दोन-तीन वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणायला दम पुरत नाही, तो तुमचा वेग. बहुतेकांचा तो ४ ते ५.५ च्या दरम्यान असतो. तो वहीत लिहा आणि दहाव्या आठवड्यापर्यंत बदलू नका.

आठवडा ३ आणि ४ : ३० मिनिटं. वेग तोच, चढ शून्य.

आठवडा ५ आणि ६ : ४० मिनिटं. आता आठवड्याची २०० मिनिटं झाली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्या पट्ट्यात तुम्ही आलात. सलग ४० मिनिटं मिळत नसतील तर सकाळी २० आणि रात्रीच्या जेवणानंतर थोड्या वेळाने सावकाश २० चालले तरी चालेल. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते, हा वरचा लाभ.

आठवडा ७ आणि ८ : ४० मिनिटंच, पण मधल्या तीस मिनिटांना चढ. सातव्यात १ टक्का, आठव्यात २.

आठवडा ९ आणि १० : चढ ३ टक्के, जमला तर ४.

आठवडा ११ आणि १२ : आता वेग. चढ २ टक्क्यांवर आणा. तीन मिनिटं नेहमीच्या वेगाने, एक मिनिट त्याहून ताशी १ किलोमीटर जास्त वेगाने, असं आलटून पालटून. आठवड्यातले दोनच दिवस असं करा, बाकीचे तीन दिवस दहाव्या आठवड्याप्रमाणे.

दोन दिवस चालण्याशिवायचे उरतात. त्यातल्या एखाद्या दिवशी आणि आणखी एका दिवशी चालून झाल्यावर खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर काढणं, असे साधे ताकदीचे व्यायाम १५ मिनिटं करा. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, ते यामुळे टिकतात.

चढ वेगाच्या आधी का?

१ टक्का चढ म्हणजे १०० मीटर चालण्यात १ मीटर वर जाणं. ऐकायला काहीच नाही. पण अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं जे सूत्र चालण्याचा खर्च काढायला वापरतात, त्यानुसार ताशी ५ च्या वेगाला प्रत्येक टक्क्यामागे चालण्याचा खर्च सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ५ टक्के चढाला तो जवळजवळ दुप्पट होतो. सपाटीवर वेग ५ वरून ६ केला, तर वाढ २० टक्के. म्हणजे पायांची धावपळ करून जे मिळतं, ते जवळपास एका टक्क्याच्या चढाने मिळतं. गुडघ्याला आदळ बसत नाही आणि घसरून पडण्याची भीतीही कमी.

रुग्णालयातल्या टीएमटी चाचणीत हेच तत्त्व आहे. सिएटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत ताशी फक्त २.७ किलोमीटरने सुरू होते, पण १० टक्के चढावर. दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग दोन्ही वाढतात. त्या पहिल्या तीन मिनिटांच्या संथ पावलांनाही सपाटीवर ५ ने चालण्यापेक्षा जास्त प्राणवायू लागतो.

वारा नसल्याची भरपाई म्हणून ट्रेडमिल कायम १ टक्क्यावर ठेवावी, असं जिममध्ये सांगतात. तो नियम धावणाऱ्यांचा आहे. चालणाऱ्याला वाऱ्याचा विरोध नगण्य असतो, तेव्हा पहिले सहा आठवडे शून्यच ठेवा.

ताटाचा वाटा

वरचे बारा आठवडे एकही दिवस न चुकवता पार पाडले, तरी नुसत्या चालण्याने किलोभरच चरबी जाईल. उरलेलं काम ताटात करायचं आहे, आणि ते उपास न करता होतं. दिवसाला तीन गोष्टी कमी करा : एक पोळी, एक चमचा तेल आणि चहातली चार चमचे साखर. पोळीच्या साधारण १००, तेलाच्या ४५ आणि साखरेच्या ८० मिळून २२५ कॅलरी वाचतात. काढलेल्या पोळीची जागा कोशिंबीर, उसळ किंवा ताक यांनी भरा, नाहीतर चार वाजता फरसाणाचा डबा उघडला जातो.

चालणं आणि ताट मिळून कागदावर बारा आठवड्यांत साडेतीन किलोच्या आसपास बसतात. वजन घटतं तसा शरीराचा खर्चही थोडा घटतो, आणि पंगत, सणवार, लग्नसराई आहेच. तेव्हा मनाशी तीन किलो धरा.

मोजमाप

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी. आदल्या रात्रीचं लोणचं-पापड आणि स्त्रियांना पाळीच्या आधी साठणारं पाणी यामुळे काटा किलोभर इकडे-तिकडे होतो. म्हणून एका आकड्यावर जाऊ नका, चार आठवड्यांची सरासरी मागच्या चारांशी ताडून पाहा. कंबर महिन्यातून एकदा मोजा. काटा अडला आणि कंबर दोन सेंटिमीटरने उतरली, तर कृती बरोबर चालली आहे.

अडलं तर

नडगी दुखते : वेग जास्त किंवा पाऊल लांब पडतंय. दोन दिवस थांबा, मग वेग ताशी अर्धा किलोमीटरने कमी करा.

पोटरी किंवा टाचेच्या मागची शीर ओढते : चढ लवकर वाढवला. दोन टक्के खाली या.

पट्टा अडखळतो, घासल्याचा आवाज येतो : पट्ट्याखाली सिलिकॉन तेल संपलं असेल. प्लग काढून, माहितीपुस्तिकेत सांगितलं तेवढंच घाला. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल चालत नाही.

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, डोळ्यांपुढे अंधारी : लगेच थांबा, बसा, घरच्यांना हाक मारा आणि त्याच दिवशी नव्हे, त्याच क्षणी रुग्णालय गाठा. पित्त असेल म्हणून वाट पाहू नका.

खंड पडला : आठवडाभराचा असेल तर थांबलात तिथूनच सुरू करा. दोन-तीन आठवड्यांचा असेल तर क्रमातली एक पायरी मागे जा. महिना उलटला असेल तर पहिल्या पायरीपासून, पण या वेळी प्रत्येक पायरी दोनऐवजी एका आठवड्यात संपवा. राहिलेले दिवस एकाच रविवारी दोन तास चालून भरून काढू नका.

बारा आठवड्यांनंतर दहाव्या आठवड्याचा क्रम कायम ठेवा. वजन आणखी उतरवायचं असेल तर चढ एकेक टक्क्याने ६ पर्यंत न्या किंवा वेळ ५० मिनिटं करा, दोन्ही एकदम नाही. हवा चांगली असेल तेव्हा त्यातले एक-दोन दिवस बाहेर टेकडीवर चाला. चढाची सवय आता पायांना झालेली आहे.