‘मी दमलो’ या शब्दांचा अर्थ

मूल ‘मी दमलो’ म्हणाले की, ‘आळस करू नकोस’ असे आपण पुष्कळदा सांगून टाकतो. परंतु दमणे सर्व एकाच जातीचे नसते. हा भेद मुलांस कळावा म्हणून काशीतील एक कथा सांगावी.

काशीत पंचगंगा घाटाजवळ मंगला गौरीचे मंदिर आहे. या ठिकाणी सूर्याने उग्र तप केले, त्याच्या अंगास घाम आला आणि त्या घामाची किरणा नदी झाली, असे काशीखंडात वर्णिले आहे. गंगा, यमुना, सरस्वती, धूतपापा व किरणा या पाच नद्यांवरून घाटास पंचगंगा हे नाव पडले. आज डोळ्यांस गंगा तेवढी दिसते.

गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवान सांगतात की, हा योग मी प्रथम विवस्वानास, म्हणजे सूर्यास सांगितला. त्या सूर्यासही श्रमाने घाम आला; मग खेळून, शिकून, घरकाम करून मूल दमले तर त्यात लाज कसली? हा श्रमाचा थकवा होय. त्यास विश्रांती द्यावी. अति निजणाऱ्यास योग साधत नाही, तसाच अति जागणाऱ्यासही साधत नाही, असे सहावा अध्याय सांगतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास झोप हवी, असे आजचे वैद्यकही म्हणते.

दुसरा थकवा आळसाचा. काही न करताच तो येतो आणि निजून उठले तरी जात नाही. चौदाव्या अध्यायात आळस हे तमोगुणाचे बंधन म्हटले आहे. अशा वेळी मुलाच्या हाती एखादे लहानसे काम द्यावे व आपणही त्यास हात लावावा.

तिसरा थकवा मनाचा. पहिल्या अध्यायात अर्जुनाने एकही बाण सोडलेला नाही, तरी त्याची गात्रे गळतात, तोंडास कोरड पडते, गांडीव हातातून निसटते. हा आळस नव्हे, विषाद होय. परीक्षेपूर्वी किंवा शाळेत कोणी छळीत असता मूल असेच गळून जाते. श्रीकृष्णाने प्रथम अर्जुनाचे सारे बोलणे ऐकून घेतले, मग उपदेश केला. तसेच मुलाचे आधी ऐकावे.

थकवा पुष्कळ दिवस राहिल्यास डॉक्टरांस अवश्य दाखवावे. रक्त कमी असले तरीही मूल थकते. तोवर ‘मी दमलो’ हे शब्द कानी येताच रागावू नये. ‘कशाने दमलास, बाळ?’ एवढे विचारावे. हळूहळू मूलही तो प्रश्न स्वतःस विचारू लागेल, आणि आत्मपरीक्षणाचा पहिला धडा तेथेच सुरू होईल.