‘श्रावणमास’ : ऋतूंची कविता कशी अभ्यासावी?



बालकवींची ‘श्रावणमास’ ही कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली आहे. पाठ केली, पण अभ्यासली काय? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारतो. बँकेची नोकरी सांभाळून आम्ही काही मुलांना मराठी शिकवीत होतो. ‘कवीने केलेले श्रावणाचे वर्णन तुमच्या शब्दांत लिहा’ या प्रश्नाखाली एका मुलीने लिहिले, ‘श्रावणात माझी आई रोवणीला जाते. दिवसभर वाकून असते. तिला इंद्रधनुष्य पाहायला वेळ नसतो.’ आम्ही त्यावर लाल रेघ मारली आणि गाइडमधील उत्तर लिहून दिले. ती रेघ चुकीची होती, हे आम्हांस फार उशिरा कळले.

कवीचा परिचय

बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी, खानदेशातील धरणगाव येथे. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा वय अवघे २७ वर्षांचे. इंग्रजीतील रोमँटिक कवितेचे वारे केशवसुतांनी मराठीत आणले. निसर्ग हाच कवितेचा नायक ही त्या वाऱ्याची एक बाजू बालकवींनी पूर्णत्वास नेली.

कवितेची रचना

कवितेत कवीची नजर कशी फिरते ते पाहा. आधी पायाखालची हिरवळ, मग वर इंद्रधनुष्य, झाडांच्या शेंड्यांवर व उंच घरांवर पडलेले पिवळे ऊन, ढगांचे रंग आणि बगळ्यांची माळ. त्यानंतर नजर खाली उतरते. पंख झटकणारी पाखरे, पाडसांसह बागडणाऱ्या हरिणी, गुराखी, चाफा, केवडा, पारिजात येतात. शेवटी फुले खुडणाऱ्या मुली आणि देवदर्शनास निघालेल्या स्त्रिया दिसतात. म्हणजे जमीन, आकाश, पुन्हा जमीन आणि अखेरीस माणसाचा चेहरा, असा हा प्रवास आहे.

दुसरी गोष्ट बदलाची. सर येते, ऊन पडते. सूर्य मावळला असे वाटते तोच तो पुन्हा दिसतो. सारे क्षणाक्षणाला पालटते, पण ओळीची चाल पालटत नाही. प्रत्येक ओळ ३० मात्रांची आहे. बोटांवर मोजून पाहा. स्थिर तालात अस्थिर दृश्य बसविले आहे, म्हणून ही कविता चटकन पाठ होते.

आता इंग्रजी कवी कीट्सची शरद ऋतूवरील प्रसिद्ध कविता शेजारी ठेवू. ती सप्टेंबर १८१९ मध्ये लिहिली गेली. तिच्यात आधी फळे पिकतात, मग कापणी-मळणी होते आणि शेवटी निघण्याच्या तयारीने पाखरे गोळा होतात. ऋतू संपत आला, हे कीट्स पाखरांकरवी सुचवितो. बालकवींच्या कवितेत श्रावण संपतच नाही. कीट्स ऋतूचा शेवट पाहतो, बालकवी ऋतूचा क्षण पाहतात. परीक्षेत तुलना विचारल्यास हा मुद्दा अवश्य लिहावा.

त्या मुलीचे उत्तर

आमच्या पारशिवनी-रामटेक भागात श्रावण येतो तेव्हा कुठे पऱ्हे उपटणे चालू असते, कुठे रोवणी. बाया गुडघाभर चिखलात, पाठीवर पाऊस घेत उभ्या असतात. पीककर्जासाठी पावसाच्या तोंडावर आमच्या काउंटरवर लागलेली रांग श्रावणात ओसरते, कारण पैसा तोवर बियाण्यांत व खतांत गेलेला असतो. नवे धान घरात यायला अजून अवकाश असतो. हाही श्रावणच आहे, आणि तो या कवितेत नाही.

म्हणून कविता खोटी ठरते काय? नाही. कवीने जे पाहिले ते खरे पाहिले. परंतु एका कवितेत सगळा ऋतू मावत नाही, हे वाचकाने ओळखले पाहिजे.

निसर्गकविता हा आपला प्रांतच नव्हे, असेही काही मुले म्हणतात. ते बरोबर नाही. पाली ‘थेरगाथे’त भिक्खूंनी ढग, पाऊस, डोंगर आणि मोरांचे केकारव आनंदाने गायिले आहेत. वर्षावासाची प्रथा तर याच ऋतूतली. पावसाळ्यात भिक्खू फिरतात, कोवळी हिरवळ तुडविली जाते, लहान जीव मरतात, अशी लोकांनी तक्रार केल्यावर भगवंतांनी हा नियम घालून दिला, असे विनयपिटक सांगते. हिरव्या अंकुराकडे पाहण्याची ही दृष्टीही आपलीच आहे.

तेव्हा ऋतूंची कोणतीही कविता हाती घेतली की चार प्रश्न विचारावेत. कवीची नजर कोठून कोठे जाते? काय बदलते आणि काय तसेच राहते? कवितेत कोण आहे? आणि कोण नाही? पहिल्या तिघांची उत्तरे कवितेत सापडतील. चौथ्याचे उत्तर आपल्या घरी, आपल्या शेतात शोधावे लागेल.

त्या मुलीने चौथ्या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहिले होते. पहिली तीन तिला शिकविणे एवढेच आमचे काम होते, आणि आम्ही नेमके तेच केले नाही. तिची वही आज आमच्यापाशी नाही. असती तर ती लाल रेघ खोडून समासात लिहिले असते : उत्तर बरोबर, पुढे लिही.